हेलिपॅड नव्हे, दवाखान्याची जागा

इसाकमामा गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी रडले नाही. रडू आलं ते केडगावच्या शोकसभेत, आणि तेही संतापानं. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता माइकसमोर येऊन म्हणाला, “मामांनी पलीकडच्या गावाला हक्काचं हेलिपॅड दिलं.” लोकांनी माना हलवल्या. ते पलीकडचं गाव माझं. मी उठून बाहेर आले. आता महिना होत आला, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही... म्हणून लिहायला बसले.

मामा दौंड तालुक्यातल्या केडगावचे. भीमा ओलांडून आमच्या शिरूरच्या बाजूला विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला यायचे. तोंडानं तिखट, पण हाक मारली की हजर. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ते आमच्या मळ्यात इंजिन उघडून बसले होते आणि घरात माझ्या जावेचं, सुमनचं, बाळंतपण अडलं. गावात ना डॉक्टर, ना गाडी. मामांनी हात तसेच पुसले आणि आपला टेम्पो दाराशी लावला. मी मागं सुमनचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. शिरूर यायच्या आधीच तिचा हात माझ्या हातात सैल पडला... बाळही वाचलं नाही. मामांनी टेम्पो कडेला घेतला आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. मग म्हणाले, “ताई, तुमच्या गावात दवाखाना का न्हाई?”

“तालुक्याचे साहेब म्हणतात, गावानं बांधकामाला सपाट जागा करून द्यावी, मग मंजुरी मिळेल.”

“मग करू की जागा.”

जागा दिली आमच्या गावातल्या भिवाआप्पांनी. त्यांच्या वाडवडलांच्या मेंढ्या ज्या माळावर बसायच्या, त्यातला तुकडा. “तितं पिकत तर काय न्हाई,” आप्पा म्हणाले, “बाया तरी जगूंद्या.” माळ उताराचा, खडकाळ. मामांच्या वाड्यात कालव्याच्या कामावरून लिलावात निघालेला एक जुनाट बुलडोझर पडून होता. तो विकत घेतला म्हणून घरचे त्यांना हसायचे. तोच त्यांनी ट्रेलरवर घालून आणला. आधी दोरी ओढून त्याचं छोटं पेट्रोलचं इंजिन चालू करायचं, मग त्याच्या जोरावर मोठं डिझेलचं. धूर सगळ्या गावावर पसरायचा. चाकांभोवतीच्या लोखंडी साखळीच्या पिना तुटायच्या, मामा शिव्या घालत नव्या ठोकायचे. उन्हाळाभर गावानं श्रमदान केलं. डोझरनं उंचवटा कापायचा, बायांनी दगड वेचायचे, गड्यांनी खोलगटात मुरूम भरायचा. आप्पांचे बैल दगडी रूळ ओढायचे. आम्ही विहिरीचं पाणी डोक्यावरून आणून मुरमावर मारायचो. जरा ढिलाई झाली की मामा वरून ओरडायचे, “हितं इमारत उभी ऱ्हायची हाय. पुन्हा पाणी मारा, पुन्हा दाबा.” सुमनची सासू, म्हणजे माझीही सासू, अंधार पडेपर्यंत माळावरच असायची. नुसते दगड वेचत राहायची.

जागा तयार झाली. कागद गेले. मग एक दिवस सरकारी माणसं आली आणि आमच्या जागेवर चुन्याचं मोठं वर्तुळ आखून गेली. निवडणुकीच्या प्रचाराला येणाऱ्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायला आसपास एवढी सपाट, घट्ट जमीन नव्हती म्हणे. हेलिकॉप्टर उतरलं, धूळ आमच्या डोळ्यांत गेली, आणि त्याच जागेवर उभं राहून त्यांनी दवाखान्याचा शब्द दिला. दवाखाना झाला. त्यांच्या सासुरवाडीला, हमरस्त्यालगत, जिथं आधीच डॉक्टर होते. आम्ही तालुक्याला विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, “तुमच्या जागेची नोंद आता हेलिपॅड म्हणून आहे.”

पुढच्या निवडणुकीला चुना घेऊन माणसं पुन्हा आली. या वेळी जागेच्या बरोबर मधोमध डोझर उभा होता आणि त्याच्या साखळीवर इसाकमामा बसले होते.

“मामा, मशीन बाजूला घ्या.”

“चालू व्हत न्हाई.”

“कधी होईल?”

“दवाखान्याचा पाया खणायला याल तवा.”

पोलिसांनी त्यांना उचललं. आप्पाही मागोमाग जाऊन ठाण्याच्या पायरीवर बसले. संध्याकाळी मामांना सोडलं, तेव्हाच आप्पा उठले. डोझर कुणालाच हलवता आला नाही. हेलिकॉप्टर मात्र दुसऱ्या गावाच्या शिवारात उतरलं, आणि आमच्या माळावर पुन्हा कधीच आलं नाही.

दवाखानाही आला नाही. आप्पा वाट बघून गेले. मामा पुढंही येत राहिले, मशीनला ग्रीस देत राहिले. शेवटच्या भेटीत मी म्हणाले, “मामा, आता राग सोडा.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “का सोडू? झालं का काम?” मी ग्रीसचा डबा त्यांच्या हातात दिला.

परवा माळावर गेले. लसीकरणाचा दिवस होता. नर्सबाई शिरूरहून येतात, पण त्यांना बसायला खोली नाही. डोझर चालवणाऱ्याच्या डोक्यावर असतो त्या पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला त्यांनी वजनकाटा टांगला होता. झोळीत एक तान्हं पोर जीव खाऊन रडत होतं, आणि बाकीच्या बाया लेकरं घेऊन मशीनच्या सावलीत दाटीनं बसल्या होत्या. सोबतचा पाहुणा म्हणाला, “किती छान उपयोग केलाय.” मला त्यात काहीही छान दिसलं नाही. त्या सबंध माळावर आज तेवढंच एक छप्पर आहे, आणि तेही मामांचं.