आठ नावं, चार बायका

इतकी वर्षं झाली, पण कुरुंद्याच्या बाजूच्या एका गावचं ते प्रकरण मनातून गेलं नाही. कुणाचं नाव लिहीत नाही. पोलिसात माझं काम बायकांची झडती घेण्याचं. चौथी शिकलेली म्हणून कधी जबाब वाचून दाखवायलाही बोलवायचे.

निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. सगळ्यांना मत मिळणार म्हणून घरोघर नावं लिहिणं चालू होतं. एका सकाळी त्या गावची म्हातारी कासारीण ठाण्यात आली. चावडीवर लावलेली यादी तिनं मास्तरांकडून वाचून घेतली होती.

"पाटलाच्या घरी मी चौघींना बांगड्या भरते. यादीत आठ जणी कुठून आल्या? आता तरी बराबर होऊ द्या!"

मोठ्या घरानं मतं फुगवली, असाच अर्थ निघत होता. यादी लिहिणारा कारकून तरुण मुसलमान. रझाकारांचा राग ताजा होता, त्या दिवसांत त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे मुख्य, त्याला पुढ्यात बसवून विचारू लागले.

"आठ बायका पाहिल्या?"

"न्हाई साहेब. दाराआडून बोलल्या."

"न पाहता लिहिलं? कुणी सांगितलं?"

"खुदाकसम, कुणी न्हाई. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या पाटलानं चार नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी कुणी राहिलं का बघायला गेलो, तर पुरुष शेतात होते. आतून दुसरीच चार आली. मला वाटलं, या राहिल्या होत्या."

जमादार हसले. "अजून दोन दिवस गेला असतास तर पाटलाचं घर पुरलं नसतं रे!"

तो हसला नाही. गुन्हा नोंदला की नोकरी जाणार आणि वर तुरुंग, हे त्याला कळत होतं.

साहेबांनी यादी देऊन मला जमादारांबरोबर पाठवलं. जमादार ओसरीवर थांबले, मी आत गेले. एकेक नाव वाचलं. चार नावांना चौघींनी "मी" म्हटलं. पाचव्याला थोरली पुन्हा म्हणाली, "मी."

"बाई, तुमी तर आत्ताच म्हणालात."

"ते सासरचं. हे माहेरचं."

"मग त्या दिवशी हे काहून सांगितलं?"

"लग्नापासून नाव कुणी पुसलंच न्हाई. पुसलं तसं आईनं ठेवलेलंच तोंडात आलं."

धाकटी फिसकन हसली. "अन् मामंजींनी सासरची नावं आदल्या दिवशीच देऊन टाकली, हे आमाला कोण सांगणार?"

उरलेली तीन नावंही तशीच तिघींची माहेरची निघाली. लग्नात माझंही नाव बदललेलं. मला हे ठाण्यातच सुचायला हवं होतं. चौघींचे जबाब लिहून अंगठे घेतले. साहेबांनी ते दोनदा वाचले आणि कारकुनाला सोडलं. तो पायरीवर बसून लेकरासारखा रडला. मलाही हायसं वाटलं.

माणूस खरा असूनही यादी खोटी होऊ शकते, हे मी तेव्हा शिकले. चावडीवर नुसती लावून भागत नाही. ज्यांची नावं, त्यांच्यापुढं ती वाचावी लागते. दुसऱ्या दिवशी कारकून पुन्हा त्या दारी गेला. कोणतं नाव ठेवू, म्हणून त्यानं एकेकीला विचारलं आणि ती बोलेपर्यंत लेखणी टेकवली नाही.