नांदूरघाटची कोरी भिंत

चौसाळ्यातच उशीर झाला आणि माझं डोकं तडकलं. एकाच वास्तुविशारदाने आमच्या जिल्ह्यात बांधलेल्या तीन इमारती एका दिवसात दाखवायच्या, अशी सहल मी आखली होती. गेवराईचा बाजार, चौसाळ्याचं वाचनालय आणि शेवटी नांदूरघाटची शाळा. त्या शाळेत मी शिकले. गिलावा न केलेल्या विटा, उघडं काँक्रीट, वर्गात तिरपं उतरणारं ऊन. ती पाडायचं गावात घाटत होतं. संध्याकाळच्या ग्रामसभेत निकाल लागणार होता. त्याआधी पुण्याचे पाहुणे शाळा बघतील, त्यांच्यातले प्राध्यापक चार शब्द बोलतील, मग गाव ऐकेल, एवढ्याच आशेवर मी सगळ्यांना गाडीत घातलं होतं.

आणि हे प्राध्यापक वाचनालयाच्या जिन्याचे फोटो काढत बसलेले! मी दातओठ खात गाडीच्या दारात उभी.

नांदूरघाटला पोचलो तर शाळा ओळखू येईना. महिन्यापूर्वी मी पाहून गेले तेव्हा विटा उघड्या होत्या. आता सगळीकडे गिलावा, त्यावर गुलाबी ऑइलपेंट, कडेने पिवळा पट्टा.

"संपलं," प्राध्यापक म्हणाले. "आता बघण्यासारखं काय उरलंय?" ते गाडीतून उतरलेच नाहीत.

सरपंच फेटे-नारळ घेऊन सामोरे आले. मी त्यांच्यावरच उखडले. "हे कुणी करायला सांगितलं होतं?"

"ताई, पाहुणे येणार म्हनल्यावर कोरी भिंत दावायची व्हय?" ते गोंधळले. "बापाच्या वख्तापासून ही शाळा अर्धीच राहिलती. कंत्राटदार मधीच पळाला आसंल, आसं म्हून सोयरे लई हसायचे आमाला."

आमच्याकडे गिलावा नसलेलं घर म्हणजे अडलेलं घर. ज्या विटांचं कौतुक मी सकाळपासून सांगत होते, त्यांच्यापायी गाव आजवर लाजत आलं होतं.

"आणि संध्याकाळची सभा?" मी विचारलं.

"आता कशाची सभा? अर्धवट हाय म्हून पाडायची होती. आता पुरी झाली की. कावून पाडायची?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी ओल्या रंगाच्या भिंतीकडे एकदा नीट बघून घेतलं. माझी शाळा त्या गुलाबीखाली कायमची गेली होती.

मग गाडीत चढले. "उतरा सर," मी म्हणाले. "फेटा बांधून घ्या, आणि रंग छान झालाय म्हणा."