पाणी बाकी हाय

किन्हवलीच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले, तेव्हाच मला कळलं की गाडी वेळेवर सुटणार नाही. मी खिडकीशी बसले होते. ती खाली उभी राहून, गजांतून हात आत घालून प्रार्थना करत होती. मुंबईची नोकरी, भाड्याची खोली, वाईट संगत, विजेचा शॉक, सगळ्यांचा तिने एकेक करून समाचार घेतला. गाडीतले लोक माना वळवून बघत होते. कंडक्टर बेलची दोरी धरून ताटकळला होता. शेवटी तो म्हणाला, "मावशी, आमेन करा आता. आसनगावची लोकल चुकंल लोकांची."

आईने डोळे उघडले नाहीत. तिचं एक वाक्य राहिलं होतं. "आणि प्रभू, आमच्या पाड्याला पाणी दे. आमेन."

"आमेन," कंडक्टर म्हणाला आणि त्याने दोरी ओढली.

हे वाक्य तिच्या प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी यायचं. जेवणाआधी, आजारपणात, माझ्या परीक्षेच्या सकाळी. बाबांना माती दिली त्या दिवशीही तिने पाळकांची प्रार्थना संपू दिली आणि मग हळूच आपलं वाक्य जोडलं. पाड्यावर ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांचा देव बरोबरच गावी परतले. बाकी सगळी भातशेतीवाली हिंदू घरं. तरी आईने आमच्या घराला पाणी कधीच मागितलं नाही. मागितलं ते पाड्याला. शेजारची हौसाकाकी रोज दिवेलागणीला आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि प्रार्थना संपेपर्यंत गप्प राहायची, कारण गप्पा त्यानंतरच सुरू व्हायच्या. ती म्हणायची, "सुशे, तुझा देव बहिरा हाय का आमचा, कायच कळत नाय. दोघांना पण सांगून ठेवू."

शहापूर तालुक्यात पाणी नाही असं सांगितलं की परका माणूस हसतो. पाऊस तर कोसळतो. धरणंही आमच्याच तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मोठाल्या पाइपांतून मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीत टँकर रिकामा होतो. बाया मग तेच पाणी पुन्हा शेंदून वर काढतात. हे मी भांडुपला मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्यांना तो विनोद वाटला.

भांडुपच्या खोलीत नळ होता. पहिल्या सकाळी मी तो सोडला आणि फोन जवळ धरून आईला आवाज ऐकवला. वाटलं, तिला आनंद होईल. ती म्हणाली, "बंद कर गो, वाया जातंय."

मग मी शहरातली झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात कायम झाले, सुनीलशी लग्न झालं, फ्लॅट झाला. जे गावी राहिले आणि जे आमच्यासारखे निघाले, त्यांच्यात एक फरक शब्दांचाही पडतो. गावी महिन्यातून एकदा मुरबाडहून मोटरसायकलवर यायचे ते पाळक होते. त्यांच्या पायजम्याला चिखल असायचा आणि ते आमच्याकडे पिठलं-भाकरी खायचे. इथे पास्टर असतात. उपासनेची वर्शिप झाली, साक्षीची टेस्टिमनी झाली. धीर या शब्दाला मात्र इथे पर्याय नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. इथे ब्रेकथ्रू असतो, मागितलेलं एका झटक्यात मिळतं.

आम्ही इथे जायचो ते चर्च सुनीलला आवडतं. पूर्वी ते लग्नाचं सभागृह होतं. आता मंचावर धूर सोडतात, पडद्यावर ढग सरकतात, आणि एका बाजूला बाप्तिस्म्यासाठी काचेची मोठी टाकी आहे, खालून निळे दिवे लावलेली. प्रवचनांचा विषय वर्षभर एकच असतो: देवाला तुम्हाला श्रीमंत करायचं आहे, तुम्ही मागत राहा. मागत राहण्याला माझी हरकत नाही. मी मागणाऱ्या बाईच्याच घरात वाढले. पण इथे ज्याला मिळालं तो विश्वासू, आणि ज्याला नाही मिळालं त्याने स्वतःला तपासावं, असा सोपा हिशोब आहे. या हिशोबाने डोकं टेकायला जागा नसलेल्या आणि क्रूसावर मेलेल्या त्या माणसाचा विश्वास किती भरतो, हे मी सुनीलला एकदा विचारलं. तो म्हणाला, "तू फार वाचतेस."

दोन वर्षांपूर्वी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. रविवारी सुनील तिला हौसेने चर्चला घेऊन गेला. मीही गेले. काळा चष्मा लावून आई पुढच्या रांगेत बसली आणि बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे पाणी दर रविवारी बदलतात का गो?"

टेस्टिमन्या सुरू झाल्या. एकाला मोठी गाडी मिळाली होती. एका मुलीला कॅनडाचा व्हिसा. प्रत्येकाला टाळ्या. मग पास्टरांची नजर आईवर गेली. नऊवारी, काळा चष्मा, गावाकडची म्हातारी. मंचावर शोभून दिसेल असं काहीतरी. "आई, या ना वर! देवाने तुम्हाला काय काय दिलं, सांगा सगळ्यांना."

आईने माइक दोन्ही हातांनी धरला, कळशी धरावी तसा. "पोरगी दिली. जावय चांगला दिला. आता डोळा दिला." खोटं बोलायची सवय नाही तिला. "पाणी बाकी हाय."

लोक हसले. प्रेमानेच हसले असतील. पास्टरही हसले. "किती वर्षं मागताय, आई?"

"ही पोटात व्हती तवापासून."

यावर कुठल्याही माणसाने मान खाली घातली असती. पास्टर लोकांकडे वळले. "पाहा! इतकी वर्षं! देव कधी उशीर करतो का? नाही. आशीर्वाद अडतो तो आपल्याकडे. कुठेतरी एक नळ बंद असतो. अविश्वासाचा नळ! आज आपण आईंचा तो नळ उघडणार आहोत." त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांनी हात उंचावले.

माइक अजून आईच्याच हातात होता, म्हणून तिचा प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू गेला. "म्हंजे माझ्यामुलं?"

तेवढ्यात ड्रम वाजले.

घरी येऊन आई चष्मा पुसत म्हणाली, "हौसाचं पण पाणी माझ्यामुलंच अडलं का गो? ती तर किती लांबून आणायची, बालंतीण असताना पण."

मी पुढच्या आठवड्यात पास्टरांना भेटायला गेले. एसी केबिनमध्ये पाण्याची बाटली समोर ठेवून त्यांनी मला शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हणाले, माझ्या आईची माफी मागा. ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या आवाजात कडवटपणा आहे. कडवटपणाही आशीर्वाद अडवतो." मी त्यांना विचारलं, या बिल्डिंगला पाणी कुठून येतं, ठाऊक आहे का? ते गोड हसले. "देवाकडून."

मी उठले. ज्या पाण्यात हे लोक पापं धुतात ते आमच्या तालुक्यातून येतं, आणि तिथल्या बाईला सांगतात की तुझा विश्वास कोरडा आहे. याहून मोठी निंदा मला माहीत नाही, आणि तिच्यावर लोक टाळ्या वाजवतात. सुनील म्हणाला, त्यांचा हेतू चांगला होता. असेल. मग हेतूसाठी वेगळी टाकी बांधा आणि त्यात त्याला बुडवा.

आई गावी परतली. रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर एकत्र प्रार्थना करतो, ती फोन स्पीकरवर ठेवते. परतल्यावरच्या पहिल्या रविवारी तिने माझ्यासाठी, सुनीलसाठी, डोळ्याच्या डॉक्टरसाठी मागितलं आणि म्हणाली, "आमेन." मी वाट बघत राहिले. वाक्य आलंच नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्याच्या मातीच्या दिवशी जे वाक्य तिने गिळलं नव्हतं, ते एका माइकवाल्याने तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं. मी विचारलं की म्हणायची, "ऱ्हाऊ दे. माझ्यापायी पाड्याला नको तरास."

मे महिन्यात मी गेले. विहिरीवर टँकर येऊन गेला होता, काठावर चिखल आणि रिकाम्या हंड्यांची रांग. दिवेलागणीला आई प्रार्थनेला बसली. हौसाकाकी तिच्या जागी, उंबऱ्यावर. प्रार्थना झाली, आमेन झालं. हौसाकाकी बोलू लागली नाही. तीही ऐकत होती इतके दिवस.

"सुशे, पाण्याचं परत इसरलीस."

"इसरली नाय. माझ्या तोंडून नको. माझा इस्वास कमी हाय."

"कोण बोल्ला?"

मी सांगितलं, मंच, माइक, नळ, सगळं. हौसाकाकीने तंबाखूची चिमूट हातातच ठेवली. "त्याच्या घरात नळ हाय ना? मंग त्याला काय ठावं, मागायचं कसं ते!"

मला हसू आलं. आईला नाही आलं. मग मी शुभवर्तमान उघडून येशूचा तो विधवेचा दाखला वाचला. गावात एक न्यायाधीश, देवाला न भिणारा, माणसांची पर्वा नसलेला. एक विधवा त्याच्याकडे रोज जाते. तो ऐकत नाही. ती जातच राहते, तो कंटाळेपर्यंत. पास्टर यावर वर्षातून दोनदा तरी बोलतात, पण त्यांच्या प्रवचनात ती बाई जणू फ्लॅट मागत असते. पुस्तकात ती न्याय मागते.

हौसाकाकीने पहिल्यांदाच ही गोष्ट नीट ऐकली. "आन मंग?" ती म्हणाली. "इतके दिस तिचं काम झालं नाय, ती चूक कोणाची? बायची का त्या जजची?"

आईने कंदिलाची वात वर केली. "जजची," ती म्हणाली.

"मंग तुझं तोंड कशाला शिवलंस?"

आईने पदर डोक्यावर घेतला, परत डोळे मिटले. आवाज मात्र विनवणीचा नव्हता. कचेरीत उभ्या राहिलेल्या बाईचा होता. "प्रभू, आमचं पाणी हाय ते. आमच्या हितून जातंय. आमाला दे. आमी परत परत येणार. आमेन."

"आमेन," हौसाकाकी म्हणाली, आणि चिमूट तोंडात टाकली.

पाणी अजून आलेलं नाही. साक्षीत असं सांगायची पद्धत नसते, म्हणून मी ही साक्ष मंचावर देऊ शकत नाही, इथे देते. त्या चर्चमध्ये मी आता जात नाही. सुनील जातो. रविवारी संध्याकाळी मात्र तो माझ्याशेजारी बसतो, फोन मध्ये ठेवतो. मी स्वयंपाकघरातला नळ आधी घट्ट बंद करून येते, थेंब पडत असला तरी तिला ऐकू जातो. मग आई प्रार्थना करते, आणि शेवटच्या वाक्याला तिकडून दोन म्हाताऱ्या आवाजांत आमेन येतं. इतकी वर्षं भांडुपला राहून मी घर कशाला म्हणते ते तुम्ही विचाराल, तर ते हे: जिथून आमच्या नळाला पाणी येतं, आणि जिथे अजून पाणी बाकी आहे.