प्रेमलाताईंची परात

१९३४ साली मी सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून होतो. प्रेमलाताईंची जी फजिती झाली ती माझ्या डोळ्यांदेखत झाली, आणि तिच्यात माझाही हात होता.

ताई परिचारिका. शिक्षकाच्या घरातल्या, हट्टी. त्यांच्या आईचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण बोटं वाकेनात. ताई तेव्हा शिकायला बाहेरगावी. घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून आईनं रडतकढत भाकऱ्या थापल्या आणि दोन महिन्यांत हात मोकळा झाला. ताईंनी ते मनात पक्कं धरलं. गिरणीत हात अडकून आलेल्यांना आमचे डॉक्टर मलम देऊन घरी पाठवत. ताईंना मात्र रोजच्या कामातूनच त्यांचा हात परत मिळवून द्यायचा होता, जन्मभर तेवढंच करायचं होतं. आमच्याकडे या व्यवसायाला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.

पहिला रोगी सिद्धाराम, गिरणीत मागावर काम करणारा. उजवी मूठ वळत नव्हती. बायकांचं काम म्हणून आधी तो तयारच होईना. ताईंनी मागच्या पडवीत पडदा लावला आणि परातीत कोमट पाणी घालून ज्वारीचं पीठ मळायला दिलं. पीठ कोठीतून मीच काढून देत असे. सुरुवातीला भाकरी हातातच फाटायची. अडीच महिन्यांनी ती गोल आली आणि सिद्धाराम पुन्हा कामावर गेला.

मग दवाखाना चालवणाऱ्या पंचांची बैठक बसली. ताईंना या कामासाठी वेगळी खोली आणि नेमणूक द्यायची की नाही, एवढंच ठरायचं होतं. ताईंनी सिद्धारामला बोलावून घेतलं आणि परात सरळ टेबलावर मांडली. तिथेच त्या चुकल्या. पंचांमध्ये गिरणीच्या वतीने सिद्धारामच्या खात्याचा मुकादम सोमलिंग बसला होता. त्याच्यासमोर गडीमाणूस भाकरी थापेल असं समजणारी बाई शहाणी असूनही खुळीच म्हणायची.

"दाखव की, सिद्धाराम," ताई म्हणाल्या.

सिद्धारामनं हात उपरण्याखाली घेतला. "मी गडीमानूस हाय, बाई. ह्ये बायकांचं काम मी कवाच केलं न्हाय. डाक्टरसायबाच्या मलमानं गुन आला."

सोमलिंग हसला, मग सगळेच हसले. डॉक्टरही खूश. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती. मी मान खाली घालून इतिवृत्तात लिहिलं, 'मलमाने गुण.' त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

ताईंची बदली बायकांच्या वॉर्डात झाली. थंडीत एकदा सिद्धारामची बायको कमलम्मा आली.

"हात पुन्यांदा धरतोय त्यांचा," ती हळू आवाजात म्हणाली. "आता घरी दार लावून रोज भाकरी थापत्यात. पीठ किती घट्ट मळायचं, इचारलंय. आन् तुमी कुटं बोलू नका म्हनलेत."

ताईंनी पीठ किती घट्ट हवं ते नीट समजावून दोनदा सांगितलं. मग त्या वॉर्डात निघून गेल्या. पुढे वीस वर्षं त्या तिथेच होत्या, आणि ताठ बोटांची माणसं आमच्या दारातून तशीच घरी जात राहिली.