भिंत फोडली त्या दिवशी

सावळाराम गोडाऊनच्या ज्या गेटवर खुर्ची टाकून बसायचा, तिथं एके काळी त्याच्या बापाच्या शेताचा बांध होता. वडपे फाट्यावरून आत वळलं की आधी कंटेनरच्या रांगा लागतात, मग पत्र्याची लांबच लांब गोडाऊनं, आणि त्यांच्या पाठीमागे, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाही असा, सावळारामचा वरचा पाडा. एखादा नवा ड्रायव्हर तंबाखू मळता मळता विचारायचा, "चाचा, आप यहीं के हो क्या?" सावळाराम पायाखालच्या काँक्रीटकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "यहीं का."

शेत त्यानं हौसेनं विकलं नव्हतं, आणि कुणी मानगुटीवर बसून विकायलाही लावलं नव्हतं. आजूबाजूची शेतं एकेक करून गेली, मध्ये याचाच तुकडा उरला. बैल न्यायला वाट राहिली नाही. चोहीकडून भराव पडला तेव्हा त्याच्या भाताच्या खाचरात पाणी तुंबून रोपं कुजायला लागली. मग त्यानंही मान डोलावली. जागेच्या बदल्यात घराची दुरुस्ती झाली, विशालचं लग्न झालं आणि सावळारामला गेटवरची नोकरी लागली. बहीण तुळजाचा त्या जमिनीत हिस्सा होता. तिनं एका शब्दानं न विचारता अंगठा दिला. "मला काय करायचाय रं दादा," ती म्हणाली होती, "माहेर राहू दे म्हंजी झालं."

तुळजाला दिलेली होती खालच्या पाड्यात, कामवारी नदीच्या अंगाला. वरच्या पाड्याच्या शिवारातून एक वहाळ निघायचा आणि उतरत उतरत तिच्या घराच्या कडेनं नदीला मिळायचा. लहानपणी दोघं भावंडं त्या वहाळात चढणीचे मासे धरायची. तुळजा टोपली घेऊन पाण्यात उभी राहायची आणि सावळाराम वरून काठी आपटत मासे तिच्याकडे हाकायचा. लग्नानंतरही ती म्हणायची, "माझ्या दारातनं माहेरचंच पानी जातंय."

गोडाऊन झालं ते नेमकं या वहाळावर. मुरमाचा पुरुषभर भराव पडला, त्याला कंपाउंडची उंच भिंत आली, आणि वहाळासाठी भिंतीच्या बुडातून सिमेंटचे दोन पाईप टाकले. पहिल्याच वर्षी पॅकिंगचं प्लास्टिक आणि थर्माकोल जाऊन ते पाईप निम्मे बुजले. सावळाराम रोज येता-जाता ते बघायचा. पण नोकरीचं नुकतंच जुळलं होतं. तो काही बोलला नाही.

तेव्हापासून दर पावसाळ्यात वरच्या पाड्यात पाणी चढायला लागलं. आधी अंगणात, मग ओटीवर. लोक कुरकुरायचे, धान्याचे डबे उंचावर ठेवायचे आणि पाणी ओसरलं की घरं धुऊन काढायचे. सवयच पडली म्हणा ना.

त्या वर्षी मात्र आषाढात पावसानं ताळतंत्र सोडलं. सलग कोसळत होता, जरा दम घेत नव्हता. त्या दिवशी सावळाराम सकाळच्या ड्युटीवर आला तेव्हा रस्त्यावरच गुडघाभर पाणी होतं. गाड्या आल्या नव्हत्या, हमाल आले नव्हते. आवारात चिखल उपसायला आणलेला जेसीबी होता, आणि तो चालवायला विशाल. बापलेक शेडखाली चहा पीत उभे असतानाच सावळारामची बायको कमळ हिचा फोन आला.

"अवं, घरात पानी शिरलं. चूल गेली."

"ओटीवर सामान घे."

"वटी ऱ्हायली न्हाय! उन्नतीला माळ्यावर बसवलंय. राहीबाईला चौघांनी उचलून कौलावर घातलंय. तुमी कायतरी करा!"

उन्नती म्हणजे विशालची पोर, नुकती शाळेत जायला लागलेली; राहीबाई शेजारची, चालता न येणारी म्हातारी. सावळाराम शिडी लावून भिंतीवर चढला आणि पलीकडे बघितलं. तिथं पाडा नव्हता. एक गढूळ तळं होतं, आणि त्यातून कौलं तेवढी वर आलेली. भिंतीच्या अलीकडे, आवारात, घोट्याएवढं पाणी. पलीकडे ते भिंतीच्या वरच्या कडेला हात घालायला आलेलं. पाडाभरची माणसं छपरावरून ओरडत होती. त्याला बघताच एकच गलका झाला, "सावळाराम, भिंत फोड! आतमंदी मशीन हाय ना, फोड!"

त्यानं सुपरवायझरला, धनेशला, फोन लावला. धनेश मानकोलीच्या खाडीकडचा, जमीनदाराच्या घरातला पोरगा, पण बोलायला मऊ.

"काका, भिंतीला हात लावू नका हां. माल करोडोचा आहे. मी साहेबांना विचारतो, दोन मिनिटं द्या."

दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. पुन्हा लावला तर फोन लागेचना.

मग त्यानं तुळजाला लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. तिचा फोन नेहमी खोलीतल्या देवळीत पडलेला असायचा, आणि अशा पावसात ती गोठ्यात असणार, हे त्याला ठाऊक होतं. खालच्या पाड्याकडे माणूस धाडावा, तर वाट पाण्याखाली. तरी तो भिंतीच्या खालच्या टोकाला जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडला. पावसानं आवाज जागच्या जागी दाबला.

तो परत शिडीवर चढला तोच पाड्याकडून कमळची किंकाळी आली. घराची एक भिंत बसली होती. माळा एका बाजूला कलला होता आणि पोर वाशाला लोंबकळत होती.

"विशाल," सावळाराम म्हणाला, "मशीन घे. फोड."

विशाल जेसीबीत चढला आणि तसाच थांबला. "बाबा, खाली आत्या हाय."

"मला ठाव हाय."

"मामांना उठता येत न्हाय."

तुळजाचा नवरा मोरू दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं खाटेला खिळलेला. सावळारामनं क्षणभर डोळे मिटले. "त्यांचं जोतं उंच हाय," तो म्हणाला. "नदीचा पूर आजवर कधी जोत्यावर चढला न्हाय. तू फोड. तुझी पोर जाईल."

जोतं उंच होतं ते नदीसाठी. नदीचं पाणी बोटाबोटानं चढतं, माणसाला उठायला वेळ देतं. भिंतीमागं कोंडलेलं पाणी तसं येत नाही. हे सावळारामला कळत नव्हतं असं नाही. त्या घडीला त्यानं ते कळू दिलं नाही.

तिसऱ्या धक्क्याला भिंत गेली. एकदम गेली, दहा-बारा हात रुंद. पाणी उभंच्या उभं आत आलं. लाकडी पॅलेट, खोकी, पत्रे, सगळं उचलून गोडाऊनच्या कडेनं धावलं आणि खालची भिंत कागदासारखी आडवी करून दिसेनासं झालं. जेसीबी जागच्या जागी फिरला. विशालनं दरवाजाला मिठी मारली म्हणून वाचला.

वरच्या पाड्यातलं पाणी डोळ्यांदेखत उतरू लागलं. कुणीतरी उन्नतीला खांद्यावर घेऊन कंबरभर पाण्यातून बाहेर आणलं. राहीबाई कौलावरून हात जोडत होती. माणसं रडत होती, हसत होती, सावळारामचं नाव घेत होती. सावळाराम तिथं नव्हताच. तो पाण्याच्या मागून खाली निघाला होता. पडत, उठत, हाताला लागेल ते झुडूप धरत.

खालच्या पाड्यात नदीकडची घरं उरली नव्हती. तुळजाच्या घराचं जोतं होतं. उंच, तसंच शाबूत, वर काही नाही. ती थोडं पलीकडे उंबराला कवटाळून उभी होती. लुगडं चिखलानं अंगाला चिकटलेलं, एका हातात शेळीच्या दाव्याचा तुकडा. मोरूला उचलायला शेजाऱ्याला बोलवायला म्हणून ती बाहेर पडली होती. जाता जाता गोठ्यातली दावी सोडली. तेवढ्यात.

"दादा," ती म्हणाली, "नदी माघारी फिरली रं. वरनं आली. नदी वरनं कशी आली?"



मोरू तिसऱ्या दिवशी सापडला, हायवेच्या मोरीत, प्लास्टिकच्या ढिगात अडकलेला. लाकडं ओली, डिझेल ओतून कसंबसं पेटवलं. क्रियेला सावळाराम सगळ्यात पुढं होता. खांदा त्यानं दिला, मडकं विशालनं धरलं. खालच्या पाड्याची माणसं लांब उभी होती. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं. तुळजाला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपण सांगावं असं सावळाराम रोज ठरवायचा आणि रोज तसाच परत यायचा. शेवटी तिला ते पाणवठ्यावर बायकांच्या बोलण्यातून कळलं. त्याच दिवशी ती अंगावरच्या लुगड्यानिशी अकलोलीला, लेकीकडे, रंजिताकडे निघून गेली. जाताना वरच्या पाड्यावरून वाट होती. तिनं ती घेतली नाही.

इकडे वरच्या पाड्यानं सावळारामचा सत्कार ठरवला. शाळेच्या पडवीत खुर्च्या मांडल्या, शाल आणली, नारळ आणला. एकानं भाषण केलं, "या मानसानं नोकरीची पर्वा केली न्हाय, अख्खा पाडा वाचवला." सावळारामच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा तो उठला, ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि घरी गेला. लोक म्हणाले, साधा माणूस आहे, लाजला.

नोकरीही गेली नाही. धनेश स्वतः आला. "साहेब केस करणार होते, काका. मी समजावलं. गावाशी वाकडं नको म्हटलं." मग मान खाली घालून म्हणाला, "भिंत परत घालायचीय. आता आरसीसी. तुम्ही गेटवर असलात तर गावातलं कुणी आडवं येणार नाही."

"वहाळाला वाट ठेवशील का?"

"मी सांगून बघतो, काका. पण मीही नोकरच आहे."

विशालनं जेसीबीला पुन्हा हात लावला नाही. दिवसभर तो पडक्या भिंतीपाशी बसून राहायचा. कुणी हाक मारली तर दचकायचा. दिवाळीनंतर सुरतेकडे एका कारखान्यात कामाला लागला, आणि बायको-पोरीला घेऊन तिकडेच राहिला. उन्नती जाताना आजोबाच्या गळ्यात पडली. त्यानं तिला पोटाशी घट्ट धरलं. ही पोर जिवंत आहे, हेच एक खरं, असं स्वतःला बजावत राहिला. पण ते खरं होतं तरी पुरत नव्हतं.

थंडीत एकदा तो धीर करून अकलोलीला गेला. रंजितानं दार उघडलं, बसायला सतरंजी टाकली आणि आत निघून गेली. तुळजा बाहेर आली. बरीच वाळली होती. तिनं भावाला पाणी दिलं, समोर भिंतीला टेकून बसली. गरम पाण्याच्या कुंडांवर आलेल्या यात्रेकरूंचा आवाज लांबून येत होता.

तिनं विचारलं, "दादा, भिंत फोडायच्या येळंला माझी आठवण झालती का रं तुला?"

वाटेत जीपमध्ये त्यानं पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. घाई होती, भान नव्हतं, फोन लागत नव्हता. नाही म्हटलं असतं तर कदाचित तिला बरं वाटलं असतं. चुकून झालं म्हणून ती रडली असती, तोही रडला असता.

"झालती," तो म्हणाला. "विशालनंबी सांगितलं. दोन येळा फोन लावला. मंग फोड म्हनलं."

तुळजानं मान हलवली. रागानं नाही, समजुतीनंही नाही. "उन्नती बरी हाय?"

"हाय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून उठली. "आता येत नको जाऊस, दादा. तू आलास का मला पान्याचा आवाज येतो."

तो परत आला तेव्हा नव्या भिंतीच्या सळया उभ्या राहिल्या होत्या. होळीपर्यंत भिंत पुरी झाली, आधीपेक्षा हातभर उंच. पाईप दोनच होते.

पुढच्या पावसाळ्यात एक नवंच सुरू झालं. पाऊस जोर धरू लागला की खालच्या पाड्याची माणसं काठ्या आणि कोयते घेऊन आवारात भिंतीशी येऊन बसायची. वरच्यांनी पुन्हा भिंत फोडू नये म्हणून. वरचे लोक पलीकडून शिव्या द्यायचे. ज्या घरांत सोयरिकी होत्या तिथं बोलणं बंद झालं. वहाळ अडवणारी भिंत गोडाऊनवाल्यानं बांधली होती, पण तिची राखण आता खालचा पाडाच करत होता. गोडाऊनवाल्याला एक माणूस जास्तीचा ठेवावा लागला नाही.

एका दुपारी पाणी पुन्हा ओटीवर आलं. कमळनं फोन केला, "खाट भिजाया लागली."

"इटा घालून वर घे," सावळाराम म्हणाला.

"आनि इटावर आलं तर?"

त्यानं फोन खिशात टाकला. भिंतीपाशी मोरूचा पुतण्या गुडघ्यावर काठी आडवी टाकून पावसात बसला होता. दोघांची नजरानजर झाली. सावळारामनं शेडमधलं रिकामं पोतं उचललं, त्याच्याजवळ नेलं आणि डोक्यावर घ्यायला पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही. सावळाराम थोडा वेळ तसंच पोतं हातात धरून उभा राहिला. मग गेटवर एक कंटेनर येऊन हॉर्न मारायला लागला, म्हणून फाटक उघडायला गेला.