सत्तेचाळीस नंबरची बाई

माझं अक्षर वाईट आहे. शुद्धलेखनही चुकेल, त्याबद्दल माफ करा. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते फक्त पगाराच्या सहीला. ही वही माझ्या मुलीची, निकिताची आहे, नववीची. मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण माफी मागायची सवय आहे, म्हणून आधी मागितली.

गेटवरच्या त्या पोरीने माझ्या छातीवर नंबर टाचला. सत्तेचाळीस. दोन टाचण्या, एक वर, एक खाली. खालची लुगड्यातून आत टोचली. मी हलले नाही. तिने मागे सरकून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "पाय बघ हिचे. पायांना पण माती लावलीय. काय डिटेलिंग आहे."

माती लावली नव्हती. मी वाडीवरून सडकेपर्यंत चालत उतरले होते.

आमची वाडी पळसदरीच्या वर, डोंगराला आहे. मी खालापूरच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये लॉन्ड्रीत काम करते. सहा वर्षं झाली. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. डिसेंबरात तिथे दोन दिवसांचा मेळा भरला. निकिता त्याला कॉन म्हणते. मुंबई-पुण्याची पोरं बस भरून आली. जपानी कार्टूनमधली माणसं, गेममधले राक्षस, पंखवाल्या बाया. शिमग्याला आमच्याकडे सोंगं निघतात तशीच, पण यांचं एकेक सोंग माझ्या दोन पगारांचं. दुसऱ्या दिवशी कामगारांना सुट्टी घेऊन घरचं एक माणूस फुकट आणायची परवानगी होती.

निकिताला त्यातलं सगळं माहीत. मोबाईलवर बघून बघून तिने निळ्या लोकरीचे केस केले. टीव्हीच्या खोक्याची तलवार कापली आणि तिला चॉकलेटच्या चांद्या चिकटवल्या. मला म्हणाली, "तू पण नट गं आई. तिथं सगळी नटून येतात."

नटायचं म्हणजे माझ्याकडे एकच. पेटीतलं आईचं हिरवं लुगडं. ती नेसायची तसंच नेसले, गुडघ्यापर्यंत. गळ्यात तिच्या मण्यांच्या माळा घातल्या. रिसॉर्टात मी कायम राखाडी ड्रेसमध्ये. त्या दिवशी मला वाटलं, आज मी लेकीबरोबर पाहुणी म्हणून चालले आहे.

गेटवर तलवारी तपासायची वेगळी रांग होती. निकिता तिकडे गेली. मी एकटी राहिले. टेबलामागच्या पोरीने भराभर काहीतरी विचारलं. कॅरेक्टर कोणतं, असं काहीतरी. अनोळखी माणसाने विचारलं की माझा आवाज घशातच राहतो. मग तिनेच एका कार्डावर इंग्रजीत लिहिलं आणि टाचलं. म्हणाली, "रांगेत चला."

मी चालले. रेशनला, दवाखान्यात, सगळीकडे मी तेच करते. रांगेत उभं राहायचं, रांग नेईल तिकडे जायचं. ही रांग सोंगांच्या स्पर्धेला स्टेजवर जात होती, ते मला पायऱ्या चढल्यावर कळलं.

माईक घेऊन एक तरुण उभा होता. पांढरे लांब केस, काळा झगा. मेळा भरवणारा तोच, सगळे त्याला अर्णव सर म्हणत होते. वाकून म्हणाला, "या मॅम, या. कुठून आलात?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅम म्हटलं. मी खरं ते सांगितलं. "पळसदरीच्या वरल्या वाडीवरून."

सगळे हसले. "ऐकलंत? पळसदरीच्या जंगलातून. मॅम पूर्ण रोलमध्ये आहेत."

परीक्षकांतली पंखवाली मुलगी पुढे आली. तिने माझ्या माळा ओढून पाहिल्या. लुगड्याचा काठ मांडीजवळ धरून उलटा केला. "शिवलेलं नाहीये. नेसलंय. सो रिअल."

मी काठ तिच्या हातातून सोडवून घेतला नाही. हे मला अजून टोचतं. टाचणीपेक्षा जास्त.

मग अर्णव सर म्हणाला, "मॅम, आम्हाला एक शाप द्या ना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण खालून सगळी ओरडायला लागली. शाप दे, शाप दे. टाळ्यांच्या तालावर. सगळ्यांचे मोबाईल वर. त्या गर्दीत निकिता दिसली, निळ्या लोकरीच्या केसांत. ती ओरडत नव्हती. हसतही नव्हती. तलवार खाली धरून उभी होती.

मी मान खाली घातली. परीक्षक म्हणाले, "काय लुक दिलाय." आणि मला तिसरं बक्षीस दिलं. पाकिटात पाच हजार. मी समजले, लुगडं नीट नेसल्याबद्दल देतात.

परतताना सहा आसनी रिक्षात मी निकिताला विचारलं, "कार्डावर काय लिवलंय गं?"

"नंबर हाय, आई."

"त्याच्याखाली?"

"तुझंच कायतरी." ती बाहेर बघत होती.

आठ दिवसांनी सोमवारी मी चादरी मोजत होते. अर्णव सर हरवलेल्या टॉवेलांच्या हिशेबाला आला होता, आमच्या कदम सुपरवायझरबरोबर. पांढरे केस नव्हते. साधा मुलगा. माझ्याकडे बघत राहिला.

"हिला कुठेतरी पाहिलंय."

"ही आपली लॉन्ड्रीची बाई," कदम म्हणाला. "वर वाडीवर राहते. आदिवासी."

"म्हणजे ते कॉस्च्युम नव्हतं? तू असेच कपडे घालतेस?"

रोजचे नव्हते, पेटीतलं लुगडं होतं, तरी मी होकाराची मान हलवली. कदम हसायला लागला. अर्णव सर हसला नाही, तो चिडला. "मग हे चीटिंग झालं. कॉस्च्युम बनवावं लागतं. रोजचे कपडे चालत नाहीत, रूल आहे. प्राइज मनी परत दे."

सोंग म्हणून मी मॅम होते. खरी निघाले तर चोर झाले. लुगडं तेच होतं, बाई तीच होती.

पैशातून निकिताचा चष्मा झाला होता, घराला दोन पत्रे बसले होते. उरलेले दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. बाकीचे कदमने पगारातून महिन्याला कापायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. गप्प बसणं मला जमतं.

जानेवारीत शेजारची हिरा मोबाईल घेऊन आली. आम्ही दोघी एका वर्षी लग्न होऊन या वाडीत आलो. तिने मोबाईल लांबूनच धरला. "ही तूच ना गं?"

मीच होते. स्टेजवर, मान खाली, छातीवर सत्तेचाळीस. खाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं. मी एकेक अक्षर लावत गेले. पळसदरीच्या जंगलातली चेटकीण.

"गंमत असंल," हिरा म्हणाली. पण ती आत आली नाही. चहा घे म्हटलं तर म्हणाली, "नको, पोरगी एकटी हाय."

आमच्याकडे हा शब्द गमतीने बोलत नाहीत.

मी चौथीत होते तेव्हा माझ्या मावशीला चेटकीण म्हटलं गेलं. माझ्या माहेरच्या वाडीत. लागोपाठ दोन घरांत पोरं दगावली. मावशीला मूल नव्हतं, ती एकटी रानात हिंडायची, औषधाच्या मुळ्या आणायची. कुणी आधी म्हटलं ते आजपर्यंत कळलं नाही. दिवसाढवळ्या तिच्या कौलांवर धोंडे पडले. धोंडे मारणारी सगळी आमच्या ओळखीची. ती वीटभट्टीवर निघून गेली, परत आली नाही. शाळेत पोरं माझ्या बाकावर बसेनात. आईने माझं दप्तर खुंटीला लावलं ते तिथेच राहिलं. माझी चौथी ही अशी आहे.

म्हणून मला माहीत होतं पुढे काय येतं. ते घाईने येत नाही.

आधी हिराचं वासरू मेलं. कुणी काही बोललं नाही. मग विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. हिराच्या पोरीला ताप आला. मी बघायला गेले तर तिच्या सासूने दारात आडवा हात धरला. "झोपलीय ती. तू जा." आतून पोरगी मला हाक मारत होती.

पोरगी बरी झाली. दवाखान्यातल्या गोळ्यांनी बरी झाली. पण एका सकाळी माझ्या उंबऱ्यावर लिंबू होतं. त्याला टाचण्या टोचलेल्या. मोजल्या, सात होत्या.

मी निकिताला समोर बसवलं. "कार्डावर काय व्हतं ते तुला तवाच माहीत व्हतं."

ती रडली. "विच लिवलं व्हतं, आई. इंग्रजीत चेटकीण. गेममधी विच लय भारी असते. सगळ्यांना आवडते. आणि बक्षीस जाईल म्हणून नाय बोलले."

"तुझ्या गेममधी गं. हितं नाय."

त्या दिवशी मी तिला मावशीचं सगळं सांगितलं. तोवर कधी सांगितलं नव्हतं. तिने निळ्या लोकरीचे केस चुलीत टाकायला घेतले. मी काढून घेतले. तिचा काय दोष.

मार्चमध्ये रिसॉर्टच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. पुढच्या मेळ्याचा. मी माझ्या दुप्पट उंचीची. डोळे लाल रंगवलेले. मागे जंगल आणि आग, खाली तेच नाव, चेटकीण. आमच्या वाडीची माणसं खोपोलीला जाताना त्याच फाट्यावरून जातात. रिक्षात मी बसलेली असले की तो फ्लेक्स येईपर्यंत सगळे बोलत असतात.

मी कदमच्या केबिनमध्ये गेले. अर्णव सर तिथे होता. चटईवरचे धागे बघत मी म्हणाले, "फ्लेक्सवरचा माझा फोटो काढून टाका."

"अगं मावशी, फेमस झालीस तू," तो म्हणाला. "लाइक्स बघ किती आहेत."

"वाडीवर लोक वाईट बोलतात."

"वाडीवरच्या लोकांचं मी काय करू?" मग हसून म्हणाला, "आधी प्राइज मनी पूर्ण परत कर. तोवर फोटो आमचा."

त्याने ते सहज म्हटलं. विसरलाही असेल. मी विसरले नाही. निम्मे अजून राहिले होते. पगारातून फिटायला पावसाळा उजाडला असता, आणि पावसाळ्यात वाडीवर ताप येतो. पोरं आजारी पडतात. तेव्हा लोक माझ्याकडे बघणार हे मला उन्हाळ्यातच दिसत होतं.

एप्रिलपासून सुट्टीच्या दिवशी मी रानात करवंदं काढली. आधी कर्जतच्या बाजारात बसायला गेले, जागा मिळाली नाही. मग पाटी डोक्यावर घेऊन दहिवलीच्या गल्ल्यांतून फिरले. गप्प फिरलं तर कुणी दार उघडत नाही. पहिल्या रविवारी अर्धी पाटी परत आणली. दुसऱ्या रविवारी एका जिन्याखाली उभी राहून मी ओरडले. करवंदंऽ. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. मीच दचकले. एवढा आवाज माझ्यात होता आणि स्टेजवर मी मान खाली घालून उभी होते.

मेच्या शेवटी पैसे जमले. अर्णव सर येणार त्या दिवशी मी राखाडी ड्रेस घातला नाही. आईचं लुगडं नेसले. निकिताला सोबत नेलं. केबिनच्या दारात सिक्युरिटीवाला म्हणाला, "आज परत मेळा हाय का काय?" मी म्हटलं, "नाय. आज मी हाय."

नोटा टेबलावर ठेवल्या. निकिताने पावती लिहून आणली होती. मी म्हटलं, "सही करा."

अर्णव सरने मोबाईलमधून वर पाहिलं. सही केली. मग मी ते कार्ड काढलं, सत्तेचाळीसचं, टाचण्यांसकट, आणि त्याच्यासमोर ठेवलं. बाजूला उंबऱ्यावरचं लिंबू ठेवलं. सुकून काळं झालेलं.

"हे काय आहे?"

"तुमच्या फोटूचं बक्षीस. माझ्या दारात ठेवत्यात."

कदमने खुर्ची मागे सरकवली. लिंबाला दोघांपैकी कुणी हात लावला नाही. मेळ्यात शाप मागणारा मुलगा सुक्या लिंबाकडे बघत होता. मी माझं नाव सांगितलं. पूर्ण, नवऱ्याचं, आडनावासकट. म्हटलं, "तुमच्या फ्लेक्सवर हे नाव नाय. दुसरंच लिवलंय. तो रविवारपर्यंत उतरला पायजे."

"नाहीतर?"

"नायतर सोमवारी खालापूरला पोलीस ठाण्यात. बाईला चेटकीण म्हणणं गुन्हा हाय. निकितानं वाचलंय."

कदम म्हणाला, "नोकरीचं बघ हं, मावशी."

"बघते," मी म्हटलं. माझा आवाज घशात राहिला नाही.

आज रविवार. दुपारी निकिता फाट्यावर जाऊन आली. फ्लेक्स तिथेच आहे. सकाळी उंबऱ्यावर पुन्हा लिंबू होतं, या वेळी नऊ टाचण्या. मी ते पिशवीत घातलं आहे. आकाश भरून येतंय, पोरांचे ताप सुरू होतील. कदमने उद्यापासून कामावर येऊ नको असा निरोप पाठवला आहे. बरं झालं, सुट्टी मागावी लागली नाही. उद्या मी लुगडं नेसून खालापूरला जाणार. हिराच्या दारावरून जाणार, विहिरीवरून जाणार, सगळ्यांना दिसेल अशी. कुठे चालले म्हणून कुणी विचारलं तर मोठ्याने सांगणार. ठाण्यात जी रांग असेल तिच्यात उभी राहीन, पण कुठे जाते ते आधी विचारून.

पावती हरवली तर असावी म्हणून इथे उतरवून ठेवते. निकिताच्या अक्षरात होती, आता माझ्या.

बक्षिसाचे रुपये पाच हजार पूर्ण परत मिळाले. काही बाकी नाही. खाली त्याची सही.