नमुना क्रमांक सात

मान डावीकडे कलती, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन दाबलेला आणि दोन्ही हात पोळपाटावर. "बोल वं माय. जेवली का? ... माहं काय, या पोरींचं होऊ दे, मंग बसते मी."

बिबवेवाडीतल्या काकूंच्या मेसमध्ये दुपारी दोनला हे ठरलेलं असे. बंगळुरूच्या लेकीचा रोजचा फोन! पुण्यात परगावच्या मुली जिथे राहतात, तिथे अशी एखादी काकू तुम्हीही पाहिली असेल. पातळ भाजी वाढणारी आणि वर "पातळच पचते" असं सांगणारी. आमच्या काकू यवतमाळकडच्या. नवरा गेल्यावर इथेच राहिलेल्या. मी ताटात भात टाकला की म्हणायच्या, "टाक टाक, पुण्यात येऊन तेवढं तं शिकलीच तू."

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते. प्रकल्पाचा विषय होता एकट्या राहणाऱ्या बायकांचा एकटेपणा. सरांनी बजावलं होतं की ओळखीची माणसं घेऊ नका, याद्या मिळवा, चिठ्ठ्या टाकून निवडा. पण उन्हातान्हात अनोळखी दारं वाजवायची कुणी? माझ्या अंगात आळस भरलेला. मी जवळच्या आठ बायका गोळा केल्या आणि वर "सोयीचा नमुना" असं भारदस्त नाव दिलं. संशोधनात खरंच तसं म्हणतात.

एका दुपारी मुली गेल्यावर काकूंपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यांदा वाचलं, "नमुना क्रमांक सात." मग माझ्याकडे पाहिलं. "मी नमुना?"

"तसा नाही हो काकू. सॅम्पल या अर्थी."

"राहू दे. आमचे हे असते तं म्हणाले असते, मी लग्नाच्या दिवशीच वळखलं होतं." पदर तोंडाला लावून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आन् सोयीचा म्हंजे?"

"म्हणजे सहज भेटतो तो."

"हाताशी सापडली ते. असं सांग नं मंग."

संमतीपत्र मी घडाघडा वाचून टाकलं. नाव कुठेही येणार नाही, हवं तेव्हा माघार घेता येईल, वगैरे. त्यांनी एकच विचारलं, "पोरींना समजणार नाही नं काही?"

"छे हो! नावच नसतं ना."

त्यांनी एकेक अक्षर जपून सही केली. एकटं वाटलं की काय करता, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी ओट्यावरचं पीठ बोटाने गोळा केलं. मग फोन माझ्या हातात दिला. "पाह्य." आलेल्या फोनांच्या यादीत गॅसवाला होता, भाजीवाला होता. लेक नव्हती. लेक बंगळुरूलाही नव्हती. ती हडपसरला होती, स्वारगेटवरून एका बसच्या अंतरावर. बापाच्या आजारपणात भांडण झालं आणि चार वर्षं तिने तोंड दाखवलं नव्हतं. काकू रोज दोन वाजता मुक्या फोनशी बोलत होत्या. "तुम्हा पोरींना वाटावं, हिलेही कोणी हाय," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी आनंदही झाला. काय सापडलं हे आपल्याला!

वर्गात मी प्रकल्प मांडला. नमुना क्रमांक सात, वय सत्तावन्न, विधवा, मूळ विदर्भातली, मुलींची मेस चालवते, पोळ्या लाटताना लेकीशी बोलण्याचं नाटक करते. नाव तेवढं गाळलं होतं. कपाळ माझं! त्या वर्गातल्या चौघी रोज काकूंकडे जेवत. दुसऱ्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलेलं मला दिसलं. तरी मी पुढे वाचत राहिले, कारण सर मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी दोनला काकूंनी फोन खांद्याशी धरला आणि मेस चिडीचूप झाली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एक मुलगी उठली, बिचारी मनाने चांगली, आणि म्हणाली, "काकू, मी बोलत जाऊ का रोज तुमच्याशी?"

काकूंनी फोन खाली ठेवला. तव्यावरची पोळी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी डबा घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. मी बोलणी खायच्या तयारीने उभी होते. त्या म्हणाल्या, "तुह्या कागदात होतं, माघार घेता येते म्हणून. मंग मले काढ त्याच्यातून."

"काढते काकू."

अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. सातवा नमुना काढला तर त्यात उरत काय होतं? आळशी प्रश्नांची आळशी उत्तरं. मी एक ओळही खोडली नाही. अहवाल दिला, येताना मेसमध्ये गेले आणि तोंड वर करून सांगितलं, "काढलं हं काकू."

त्यांनी पीठभरला हात माझ्या डोक्यावरून फिरवला. "शहाणी हाय माही पोरगी."

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मला तेव्हा समजलं. दिवाळीआधीच काकूंनी मेस बंद केली आणि त्या भावाकडे गावी गेल्या. मुलींनी स्टँडवर सोडायला जायचं ठरवलं होतं. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहिले. परवा त्यांच्या गावाकडून कळलं, काकू गेल्या.

तो अहवाल विभागाच्या कपाटात आहे. नवीन मुलांना नमुनेदार म्हणून सर तोच दाखवतात. त्याच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात माझं नाव आहे. गेल्या वर्षी मी त्याच विभागात शिकवायला लागले. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.